नारिंगी काठाची वाणी

गेल्या महिन्यात शाळेच्या पत्त्यावर एक जाडसर पाकीट आलं. वर नाव मिसाळ मॅडमचं. मॅडमना जाऊन येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील, पण पाठवणाऱ्याला ते ठाऊक नसावं. मुख्याध्यापकांनी ते शिपायाच्या हाती माझ्याकडे धाडलं. मी निवृत्त झालो तरी गावातच असतो, आणि मॅडमच्या नावानं जे काही येतं ते माझ्याच गळ्यात पडतं.

आत इंग्रजी लेख होता, आमच्या धावड्याच्या डोंगरातल्या एका वाणीवर. वाणी म्हणजे पावसाळ्यात भिंतीच्या कडेनं चालणारी, असंख्य पायांची, काडीनं डिवचली की गुंडाळी करून पडणारी. ही मात्र निराळी, आजवर कुठल्याच पुस्तकात न आलेली. तिचं लांबलचक लॅटिन नाव आमच्या गावावरून ठेवलंय. शेवटी आभाराच्या ओळीत पत्रव्यवहाराला मदत केल्याबद्दल माझं नाव आहे. मॅडमचं नाव कुठंच नाही. जिनं सात पावसाळे पोटावर झोपून ती वाणी पाहिली तिचं नाही, आणि ज्याच्या एका शब्दानं ती वाणी संपली त्याचं आहे. त्या शब्दाचं मी मॅडमना सांगायला पाहिजे होतं. त्यांना नाही सांगितलं, म्हणून आता सगळ्यांना सांगत बसलोय.

मिसाळ मॅडम आमच्याकडे विज्ञान शिकवायच्या, मी गणित. टेंभुर्णीच्या शेतकरी घरातल्या. लग्न का केलं नाही हे विचारायची स्टाफरूममध्ये कुणाची छाती नव्हती. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र थेट शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. बी.एड. झालेली माणसं वर्गात पुस्तकी बोलायचा प्रयत्न करतात. मॅडमनी तो कधी केला नाही. "पेशी म्हणजे काय, कोण सांगून राह्यलं?" असं विचारायच्या, आणि पोरं धडाधड सांगायची.

त्यांचा एकच सवाल सगळ्यांना माहीत होता: "मोजलं का?" कुणी म्हणालं, यंदा गावात साप लई झालेत, की मॅडम डब्यातून मान वर न काढता म्हणायच्या, "मोजले का, का नुसतं बोलून राह्यले?" मी एकदा वैतागून म्हणालो, आठवीची पोरं शंभर टक्के बिघडलीत. तर मॅडम म्हणाल्या, गणिताचे सर तुम्ही, आणि शंभर टक्के म्हणता? एक तरी शहाणं निघालं तर तुमचं उत्तर चुकलं. मी पुढची भाकरी मोडली. या बाईपुढं बोलायचं म्हणजे पुरावा खिशात घेऊन बोलायचं.

त्यांची आणि शाळेची पहिली भांडणं पाल्यावरून झाली. आमच्याकडे सकाळी मैदान झाडायचं, लिंबाचा आणि करंजाचा पाला एका कोपऱ्यात लोटायचा आणि काडी लावायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मॅडम आल्या त्या आठवड्यातच त्यांनी शिपायाच्या हातातली काडेपेटी काढून पर्समध्ये टाकली. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडम, स्वच्छता आहे ती. मॅडम म्हणाल्या, सर, हे कोणाचं तरी जेवण हाय, तुमच्या ताटाला कुणी काडी लावली तर? त्याचा राग मुख्याध्यापकांनी पुढं तीन वर्षं मॅडमच्या रजेच्या अर्जांवर काढला. पाला मात्र जळायचा थांबला. भिंतीकडेला त्याचा ढीग व्हायला लागला, खाली मऊ काळी माती होऊ लागली, आणि मॅडम ती मुठीत घेऊन मला दाखवायच्या. "वाणीनं केलीय ही. मेलेलं पान खाती आन्‌ माती देती. आपण जितं खातो आन्‌ काय देतो ते सांगू नगा."

स्टाफरूमच्या टेबलावर आमच्या डब्यांच्या शेजारी त्यांची लोणच्याची काचेची बरणी असायची. आत ओली माती, कुजका पाला, वर जाळीचं फडकं, आणि त्यात ती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती वाणी वाटलीच नाही. शेतातली वाणी गोल असते, पेन्सिलीसारखी, तपकिरी. ही चपटी. अंग काळंभोर, चकचकीत, आणि प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना गडद नारिंगी टोकं, काठाच्या लुगड्यासारखी. पाय पिवळे. चालायला लागली की पायांची लाट मागून पुढं सरकायची, आणि आपण मोजायला लागलो की चुकायचो. मॅडम चुकायच्या नाहीत.

त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मी हात झटकला असता, पण त्यांच्यासमोर झटकायची लाज वाटली. थोड्या वेळानं हाताला कडू बदाम फोडल्यासारखा वास यायला लागला. मॅडम खुश. म्हणाल्या, "घाबरली ती. तेच तिचं जहर हाय. मुंगीला, पाखराला बास होतं, तुम्हाला काय होत न्हाई. पण हात धुवा, मंग भाकर खा." घरी गेलो तर बायको विचारते, कुठं बदामाचं खाऊन आलात, आमच्यासाठी न्हाई का आणलं?

त्याच दिवशी मॅडमनी मला सांगितलं की तिला डोळेच नसतात. तो नारिंगी रंग पाखरांसाठी, मी कडू हाय, खाऊ नगा, हे सांगायला. "एवढा रंग अंगावर, सर, आन्‌ तिनं सोताला कधी पाह्यलं न्हाई." हे सांगताना मॅडम अशा हळू बोलल्या की मला वाटलं, हे मघाशीच हात झटकायला निघालेल्या माणसाला सांगायचं नव्हतं.

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. वर्ग रिकामा. पाहतात तर नववीचा अख्खा वर्ग भिंतीकडेच्या ढिगाभोवती पोटावर पडलेला, मध्ये मॅडम, त्याही पोटावर, पदर कमरेला खोचलेला. साहेबांनी विचारलं, हा कोणता घटक चाललाय? मॅडम उठल्या नाहीत. म्हणाल्या, साहेब, उभ्यानं दिसत न्हाई, झोपावं लागल. साहेबांची इस्त्रीची पँट. इकडं तिकडं पाहिलं, मुख्याध्यापकांकडं पाहिलं, आणि खरंच झोपले. अर्ध्या तासानं उठले तेव्हा ढोपरांना चिखल होता आणि ते पोरांना विचारत होते की अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला पाय किती असतात. पोरं म्हणाली, तीन जोड्या. मग कात टाकत जाते, मातीत कोठी करून बसते, दर वेळी कड्या वाढतात, पाय वाढतात. शेरा काय लिहिला ते आम्हाला कळलं नाही, पण जाताना साहेब मॅडमना नमस्कार करून गेले, मुख्याध्यापकांना नाही.

ती बरणीतली वाणी कुठून येते हे मॅडम कुणाला सांगत नसत. दिवाळीच्या सुट्टीआधी ती जिथून आणली तिथंच नेऊन सोडायच्या, पण कुठं, ते त्यांच्यापाशी. शेवटी मला एका रविवारी घेऊन गेल्या. माझं दोन एकर रान डोंगराच्या पायथ्याला आहे. त्याच्या वरून जो नाला येतो त्याच्याच कडेनं दीड कोस चढून गेलं की करंजांची आणि सागाची दाटी लागते, पाला गुडघ्याएवढा साचलेला, ऊन खाली येत नाही. मॅडमनी एक एक पान उचललं, खाली पाहिलं आणि होतं तसं परत ठेवलं. पाचव्या सहाव्या पानाखाली ती निघाली. मग दुसरी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"ही दुसरीकडं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मी बाकीचे सगळे नाले पाहून आले. मधी उघडं रान हाय, ऊन हाय. हिला ते ओलांडता येत न्हाई, सुकून मरती. ह्या नाल्याबाहेर हिचं कोणीच न्हाई, सर. कुणाला सांगू नगा. आन्‌ मी नसले आन्‌ काही झालं, तर तुम्ही सांगायचं की चपटी ती शेतातली न्हाई, ती जित्या रोपाला तोंड लावत न्हाई. सांगाल ना?"

मी हो म्हणालो. एवढं सोपं काम होतं ते.

शहरातल्या एका प्राध्यापकांनी मॅडमनी काढलेले फोटो पाहिले होते. ते म्हणाले, नवीन जात दिसते, पण फोटोवर नाव बसत नाही. नराच्या सातव्या कडीवरचे पाय निराळे असतात, ते तपासावे लागतात, मोठा नर स्पिरिटमध्ये घालून पाठवा. मॅडम दोन वर्षं टाळत राहिल्या. आधी जरा वाढू द्या, म्हणायच्या, थोड्या हायत, नावासाठी मारायची काय जल्दी हाय?

आता शेतातल्या वाणीचं सांगतो. ती गोल, तपकिरी, आणि तिची तऱ्हा निराळी. सोयाबीनचा, सरकीचा कोंब वर आला की रात्रीतून फडशा. आमच्याकडे लोक जहर मारत सुटायचे. मॅडमना ते बघवेना, म्हणून त्यांनी मारुतीच्या पारावर उभं राहून गावाला एक पद्धत शिकवली. सांजच्याला ओल्या गवताचे ढीग, नाहीतर भिजवलेला गोणपाटाचा बारदाना रानात टाकायचा. वाणी त्याखाली गोळा होते. सकाळी बारदाना उचलायचा, वेचायची आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. खर्च काही नाही. आधी लोक हसले. मग माझ्या शेजारच्या विठ्ठलनानांनी करून पाहिलं आणि त्यांची सरकी वाचली, तेव्हापासून सगळे करायला लागले. मॅडम सकाळी स्कूटी थांबवून बांधावरून ओरडायच्या, नाना, मोजल्या का? नाना खरोखर मोजून सांगायचे. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

मग एका वर्षी पावसानं येऊन दडी मारली आणि तो पुन्हा आला तसा वाणीचा नुसता सडा पडला. माझं सोयाबीन दोनदा मोडलं. नेमकी त्याच आठवड्यात मॅडमची आई टेंभुर्णीला घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मॅडम रजा काढून तिकडं गेल्या.

तिसऱ्या दिवशी विठ्ठलनाना माझ्या बांधावर आले. सोबत चार पाच माणसं. मी तिसऱ्यांदा पेरणीच्या विचारात, डोकं तापलेलं. नाना म्हणाले, सर, आपण रोज वेचतो आन्‌ रोज येती. ही नाल्यातूनच उतरत असल. वर नाल्यातच बारदाने टाकले तर मूळच तुटल. मॅडमला इचारलं असतं पण त्या गेल्यात गावाला. तुम्ही त्यांच्या संगं असता, तुम्हीच सांगा, टाकू का?

मला सांगायचं होतं ते तोंडपाठ होतं. चपटी ती शेतातली न्हाई. एवढंच वाक्य. पण समोर माझं खाल्लेलं सोयाबीन होतं, आणि मनात आलं, एवढं दीड कोस वर कोण चढतंय, खालच्या खालीच टाकतील. वाणी ती वाणी, असंही मनात आलं. ते लपवत नाही. मी म्हणालो, "टाका."

आमची माणसं एकदा कामाला लागली की अर्धवट सोडत नाहीत. मॅडमनी शिकवलंय म्हणून तर बिलकुलच नाही. पाच दिवस पाच गडी सांजच्याला वर चढत होते. करंजांच्या दाटीत त्यांना गोल कमी आणि चपट्या जास्त सापडल्या, म्हणून त्यांना वाटलं, हेच मूळ. बारदाने झाले, मग पाला ओढला, आणि चांगलं खत आहे म्हणून गाड्या भरून खाली रानात नेला. अंडी, पिल्लं, सगळं पाल्याबरोबर उन्हात. मी एकदाही वर गेलो नाही. डोंगरावरून गाडी उतरताना दिसायची तेव्हा मी विहिरीवर काहीतरी काम काढायचो.

मॅडम परत आल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत नाना शाळेत बादली घेऊन आले. शेवटच्या दिवशीची बादली त्यांनी न फेकता झाकून ठेवली होती, मॅडम मोजायला सांगतात म्हणून. धोतर स्वच्छ, चेहरा कसा लग्नघरातल्यासारखा. मॅडमनी झाकण काढलं. नारिंगी रंग पाण्यानं फिका पडत चालला होता, पण कळत होता.

मॅडम बादलीवर वाकल्या. मग विचारलं, कुठल्या नाल्यातल्या, किती दिवस केलं, पाला कुठं गेला. नानांनी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला, कारण आपल्या हातून काहीतरी झालंय हे त्यांना मॅडमच्या मानेवरून कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभा होतो. मास्तराला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही, ही आमच्या गावची जुनी रीत. नाना म्हणाले, "आमच्याच डोक्यातून निघालं, मॅडम. कुणी सांगितलं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं, नाना? मीच शिकवलं ना. मेहनत केली तुम्ही." आणि आत गेल्या. पुढचा तास त्यांनी घेतला. मी माझा घेऊ शकलो नाही, पोरांना गणितं फळ्यावर लिहून दिली आणि खिडकीपाशी बसून राहिलो.

त्या दुपारी त्यांनी बादलीतली एकेक वाणी धुतली, चांगल्या राहिलेल्या निवडल्या आणि स्पिरिटच्या बाटलीत घातल्या. दोन वर्षं जी मारायची टाळली तिचे नर आता हवे तेवढे होते. बाटली शहरात गेली. नंतर तो पावसाळा सगळा, आणि पुढचा सगळा, दर रविवारी मॅडम वर जात राहिल्या. पहिल्या काही वेळा मी बरोबर गेलो. पाला उरलाच नव्हता, नुसती उघडी सुकी माती आणि दगड. त्या दगड उचलायच्या, खाली पाहायच्या आणि परत तसाच ठेवायच्या. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यांना शिंक आली आणि एकदा कुणीतरी गुराखी आला. बघा, काय कारणं पुरतात माणसाला. मग मी जायचंच सोडून दिलं, गुडघे दुखतात म्हणून. शाळेतली बरणी त्यांनी धुऊन घरी नेली. "मोजलं का" म्हणणंही बंद झालं. स्टाफरूममध्ये कुणी काहीही थापा मारायचं आणि मॅडम खालमानेनं वह्या तपासायच्या. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं रे, असं आता स्वतःलाच म्हणतो. ते ओझं दोघांत वाटून घेतलं असतं तर त्यांच्या वाट्याचं अर्धं झालं असतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मार्चच्या अखेरीला, शाळेच्या संगणकाच्या खोलीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या टेंभुर्णीला गेल्या, तिथंच आजारी पडल्या आणि परत आल्या नाहीत. त्या दिवशी प्राध्यापकांचं ईमेलवर पत्र आलं होतं. जात नवीनच आहे, खात्री झाली, आणि नाव तुमच्या नावावरून ठेवायचं ठरवलंय, तुमची संमती कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. मला वाचून इतकं बरं वाटलं. वाटलं, चला, काहीतरी भरून निघालं. मॅडमना इंग्रजी वाचता यायचं, लिहायचा कंटाळा. म्हणाल्या, सर, तुम्ही टाइप करा, मी सांगते.

खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या. हात मांडीवर. बाहेर दहावीचा पेपर सुटल्याचा गलका चालला होता.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आभारी हाय. पण माझं नाव देऊ नगा. लेखातबी कुठंच नगा. ती मी शिकवलेल्या पद्धतीनं मेली. ज्यानं मारलं त्याचं नाव मेलेल्याला देत न्हाईत."

मी आभाराचं वाक्य लिहिलं. नाव देऊ नका, तेही लिहिलं. मग माझी बोटं थांबली. खोलीत आम्ही दोघंच होतो. शिंक नाही, गुराखी नाही. त्या वाट पाहत होत्या.

"काय झालं, सर? इंग्रजी शब्द आठवंना का?"

मी म्हणालो, "हो. आठवतोय."

"आठवा निवांत," त्या म्हणाल्या, "जल्दी न्हाई." आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

मी ते वाक्य लिहिलं, जसं सांगितलं तसं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "पाठवा."

मी पाठवलं.